कोकणातला उन्हाळा आणि टाकीतले गोल्डफिश : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च लागला की अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत ज्यांच्या घरी काचेची टाकी आहे, त्यांना तेच प्रश्न पडू लागतात. मासा वर का येतोय, बर्फ टाकू का, पंखा लावू का, काल धडधाकट होता आणि आज सकाळी उलटा कसा पडला. माशांबद्दल जी माहिती सहज हाती लागते ती बहुतेक थंड देशांतली किंवा देशावरच्या कोरड्या हवेतली असते. आपल्याकडची दमट हवा आणि रात्रीसुद्धा न उतरणारा उकाडा तिच्या हिशेबात नसतो. ही उत्तरं किनारपट्टीवरची घरं डोळ्यांसमोर ठेवून लिहिली आहेत.

गोल्डफिशला पाणी किती गरम चालतं?

गोल्डफिश कार्प कुळातला, मूळचा चीनचा मासा. थंड पाणी ही त्याची खरी आवड. १८ ते २४ अंश सेल्सिअसमध्ये तो सुखात असतो. २७-२८ अंशांना हळूहळू सरावला तर निभावून नेतो. पाणी ३० च्या वर गेलं की त्याच्यावर ताण येतो, आणि ३२ च्या पुढे दिवसचे दिवस राहिलं तर तो आजारी पडणारच असं धरून चाला. एखाद्या दुपारी चार तास पारा चढला म्हणून धडधाकट मासा मरत नाही. पाणी रात्रभर तसंच राहिलं, तर मात्र त्याला सावरायला वेळ मिळत नाही.

म्हणून दुपारच्या आकड्याइतकाच पहाटेचा आकडा बघा. पाण्यात बुडवून काचेला आतून चिकटवायचा साधा थर्मामीटर पुरतो. तो बरोबर दाखवतो का हे तपासायला पेलाभर कुटलेल्या बर्फात थोडं पाणी घालून त्यात पाच मिनिटं बुडवा, शून्याच्या आसपास आला पाहिजे. मग रोज सूर्योदयाच्या आधी आणि दुपारी चारला असं दोनदा बघून वहीत लिहा. पहाटेला २७ आणि दुपारी ३० असेल तर काळजी घ्या, घाबरू नका. पहाटेलाच ३० असेल तर खालचं सगळं आजच वाचा.

कोकणात उन्हाळाभर पाणी २८-३० असतंच. मग इथे गोल्डफिश पाळूच नये का?

अजून घेतला नसेल तर माझं मत स्पष्ट आहे : गप्पी, मोली, गुरामी घ्या. ते आपल्या हवेत आनंदानं राहतात आणि तुमचा उन्हाळा काळजीत जात नाही.

घेतला असेल तर तो जगवता येतो, चांगला जगवता येतो. इंग्लंडमध्ये टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षं जगला, तो १९९९ मध्ये गेला. आपल्याकडे दोन वर्षं जगला तरी लोक खूप म्हणतात. हा फरक एकट्या उष्णतेमुळे पडत नाही. लहान टाकी, दाटी, जास्तीचं खाणं या सगळ्याची भर त्यात असते, आणि उष्णता त्यातल्या प्रत्येक चुकीची शिक्षा वाढवते. पाणी २२ अंशांवर आणण्याच्या मागे लागू नका, किनाऱ्यावर ते परवडत नाही. पाणी २८-२९ ला धरून ठेवा, त्यात हवा भरपूर खेळवा आणि ते स्वच्छ राखा. आधी हवा, मग गारवा, हा क्रम सोडू नका.

गरम पाण्यात मासा नेमका कशानं मरतो?

बहुतेक वेळा गुदमरून. २० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त साधारण ९.१ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो. ३० अंशांना तो ७.५ वर येतो, ३५ ला ७ च्याही खाली. हे आकडे खळखळत्या, स्वच्छ पाण्याचे झाले. घरातल्या थबकलेल्या टाकीत त्याहून कमीच असतो. दुसऱ्या बाजूनं माशाची गरज वाढते : पाणी दहा अंशांनी तापलं की त्याच्या शरीराला ऑक्सिजन जवळजवळ दुप्पट लागतो. पुरवठा घटतो आणि मागणी वाढते, दोन्ही एकाच वेळी.

दुसरं कारण अमोनिया. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो, उरलेलं खाणं आणि विष्ठा कुजूनही तो तयार होतो. पाण्यात त्याची दोन रूपं असतात, एक बऱ्यापैकी निरुपद्रवी आणि एक विषारी. पाणी जितकं तापेल आणि पीएच, म्हणजे पाणी आम्लधर्मी की अल्कधर्मी हे सांगणारा आकडा, जितका चढेल, तितकं विषारी रूपाचं प्रमाण वाढतं. पीएच ८ असताना २० अंशांना एकूण अमोनियापैकी ४ टक्क्यांहून थोडा कमी भाग विषारी असतो, ३० अंशांना साडेसात टक्के. पीएच ७ ला मात्र ३० अंशांनाही तो एक टक्क्याच्या आत राहतो.

हे इतकं सविस्तर सांगतो कारण कोकणात एक सवय सर्रास दिसते. किनाऱ्यावरून वाळू, शंख, शिंपल्या आणून टाकीत शोभेला ठेवायच्या. जांभ्यातल्या विहिरींचं पाणी बहुधा मऊ, म्हणजे कमी क्षारांचं, आणि किंचित आम्लधर्मी असतं. शिंपल्या म्हणजे चुनखडीच. त्या सावकाश विरघळतात आणि पाण्याचा पीएच वर नेतात. गोल्डफिशला जड पाण्याचं वावडं नाही, आणि टाकी स्वच्छ असेल तर दोन-चार शिंपल्यांनी बिघडत नाही. पण दाटीची टाकी, जास्तीचं खाणं, ३० अंशांचं पाणी आणि तळाला ओंजळभर शिंपल्या, असा योग जुळला की काल चालत होतं ते आज चालत नाही. उन्हाळ्यापुरत्या तरी त्या काढून ठेवा. समुद्राची वाळू तर टाकीत नकोच, तिच्यात मीठही असतं.

मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करतोय. आत्ता काय करू?

आधी हवा. एअर पंप असेल तर पूर्ण सोडा. फिल्टरचं तोंड वर उचला, म्हणजे पाणी वरून खळखळत पडेल. काहीच नसेल तर तांब्या घ्या. टाकीतलंच पाणी भरून हातभर उंचीवरून धार धरून परत टाकीत ओता, माशाच्या अंगावर नको, कोपऱ्यात. पंधरा-वीस मिनिटं हे करत राहा. धार पडते तिथे पाणी पांढुरकं फेसाळतं, तिथेच हवा मिसळत असते. थोड्या वेळानं मासा त्या कोपऱ्याकडे सरकतो आणि कल्ल्यांची धडधड मंदावू लागते. त्यावरून उपाय लागू पडल्याचं कळतं.

दुसरं काम, काचेचं झाकण काढा आणि दिवा बंद करा. तिसरं, टाकीच्या पाचव्या हिश्शाइतकं पाणी तळातून काढून तितकंच ताजं, क्लोरीन नसलेलं, जरासं गार पाणी सावकाश घाला. चौथं, त्या दिवशी खायला काही देऊ नका.

मासा तळाला एका कुशीवर पडला असेल, पंख अंगाशी मिटलेले असतील, पंखांत लाल रेषा दिसत असतील, तर ताण बराच आधीपासून चालू आहे. तेव्हाही क्रम हाच.

पाण्यात बर्फ टाकला तर?

सुट्टे खडे टाकू नका. बर्फाच्या आसपासचं पाणी एकदम उतरतं, त्यातून मासा गेला की त्याला धक्का बसतो. बर्फ नळाच्या पाण्याचा असेल तर त्यातलं क्लोरीनही टाकीत जातं. आणि जेटीवर मासळीसाठी मिळणारा कारखान्यातला बर्फ जिवंत माशांच्या पाण्यात कधीही घालू नका, तो त्या कामासाठी बनवलेलाच नसतो.

बर्फाच्या बाटलीचा उपयोग होतो, पण किती होतो तो हिशेब आधी करा. एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता घेतो, आणि त्याचं पाणी तापून टाकीच्या तापमानाला येईपर्यंत आणखी तीसेक. म्हणजे ६० लिटरच्या टाकीत एक लिटरच्या बर्फाच्या बाटलीनं पाणी जेमतेम पावणेदोन-दोन अंश उतरतं, १०० लिटरच्या टाकीत एक-सव्वा अंश. दोन-तीन तासांत ते परत चढतं. दिवसातून चार वेळा असं खाली-वर होणं माशाला एकसारख्या ३० अंशांपेक्षा वाईट. तासाला एका अंशाहून जास्त उतार नको.

म्हणून बाटली त्या एका भयंकर दुपारसाठी राखून ठेवा. बूच घट्ट लावलेली, वरून दोन बोटं रिकामी ठेवून गोठवलेली, बाहेरून साबण न लावता धुतलेली. टाकीच्या एका कोपऱ्यात तरंगत सोडा, एअर स्टोनजवळ (पंपाची हवा बुडबुड्यांनी सोडणारा सच्छिद्र दगड), म्हणजे गारवा सगळीकडे फिरेल.

पंखा लावून किती फरक पडतो?

कमी खर्चातला सगळ्यात चांगला उपाय हाच. एक लिटर पाणी वाफ होऊन उडताना सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातं. किलोभर बर्फ वितळताना घेतो त्याच्या सातपट. घामानं अंग गार होतं तसंच हे.

पण कोकणात याला मर्यादा आहे, ती समजून घ्या. हवेत आधीच दमटपणा असेल तर पाणी उडतच नाही. पुण्यात एप्रिलच्या दुपारी हवा ३८ अंश असते पण कोरडीठाक, आर्द्रता वीस टक्क्यांवर आली असेल तर पंख्यानं पाणी तत्त्वतः २१-२२ पर्यंत उतरू शकतं. रत्नागिरीत हवा ३३ अंश आणि आर्द्रता ७० टक्के असेल तर कितीही मोठा पंखा लावा, पाणी २८ च्या खाली जाणार नाही, आणि प्रत्यक्षात २९ वर थांबेल. पुण्याच्या भावानं सांगितलं की त्याच्या टाकीत पंख्यानं पाच अंश उतरले, तर ते खरं असतं. तुमच्याकडे दोन-तीन उतरले तरी समाधान माना. ३१ चे २९ होणं ही माशाच्या दृष्टीनं मोठी सुटका आहे.

पंखा टाकीच्या वरून, पाण्याच्या पृष्ठभागाला घासून वारा जाईल असा तिरका लावा. काचेवर वारा मारून फायदा होत नाही. झाकण काढून मच्छरदाणीची जाळी ताणून बसवा, गोल्डफिश उड्या मारतात. पाण्याची पातळी रोज अर्धा-एक बोट उतरेल, ती भरत राहा. भरताना लक्षात ठेवा की उडतं ते नुसतं पाणी, क्षार मागेच राहतात. नुसती भर घालत राहिलात तर पाणी जड होत जातं, म्हणून आठवड्याला थोडं पाणी काढून बदलणं सोडू नका. खाडीकाठच्या विहिरी मे महिन्यात मचूळ होतात, तिथे तर हे फारच महत्त्वाचं.

विजेची वायर टाकीवरून खाली लोंबून मग सॉकेटकडे वर जाईल अशी ठेवा, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी खालीच गळून पडतं. खाऱ्या हवेनं पिना आणि सॉकेट लवकर गंजतात. हिरवट पूड दिसली की बदला.

टाकी घरात कुठे ठेवावी?

आपल्या जुन्या घरांत याचं उत्तर तयारच आहे : माजघरात. जाड जांभ्याच्या भिंती, वर कौलं, चारही बाजूंनी खोल्या किंवा पडव्या. दुपारी तिथे आणि ओटीवर कितीतरी फरक जाणवतो. पडवी हवेशीर वाटते, पण पश्चिमेची असेल तर तीननंतर उतरतं ऊन थेट काचेवर येतं.

स्लॅबच्या घरात सगळ्यात वरचा मजला टाळा. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री उष्णता खोलीत सोडत राहतो, त्यामुळे बाहेर गार झालं तरी टाकीचं पाणी मध्यरात्रीपर्यंत चढतच असतं. खालच्या मजल्यावर, उत्तरेच्या भिंतीला, जमिनीपासून फार उंच नाही अशी जागा बघा. फ्रिजच्या शेजारी नको, त्याची मागची बाजू गरम हवा फेकते. पत्र्याच्या छपराखाली टाकी असेल तर पत्र्यावर झापांचा थर घाला. खोलीतल्या माणसांनाही बरं वाटेल.

ओलं गोणपाट टाकीभोवती गुंडाळायचं का, असं पुष्कळ जण विचारतात. चालतं, मागच्या आणि बाजूच्या काचांना गुंडाळा आणि त्यावर वारा लागू द्या, नाहीतर ते नुसतं ओलं राहून कुबट वास येतो. गोणपाट आधी चांगलं उकळून धुवा. खताचं किंवा औषध फवारलेल्या आंब्याचं पोतं असेल तर नकोच.

पाणी कधी आणि कुठलं बदलू?

पहाटे किंवा रात्री. दुपारी कधीच नाही. गच्चीवरच्या काळ्या टाकीतलं पाणी दुपारी हात भाजेल इतकं तापतं. त्या पाण्यानं टाकी भरणं म्हणजे मासे उकळायला टाकणं.

विहीर असेल तर तुम्ही नशीबवान आहात. खोल विहिरीचं पाणी भर मे महिन्यातही २६-२७ अंशांच्या आसपास असतं, टाकीपेक्षा गार. पाचवा हिस्सा बदललात की जवळजवळ अंशभर उतरतो, आणि घाण जाते ती वेगळीच. मात्र खोलातल्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. शेंदलेलं पाणी बादलीत दोन-चार वेळा उंचावरून ओतून मगच वापरा.

नळपाण्यात क्लोरीन असतं. उघड्या बादलीत चोवीस तास ठेवा, किंवा दुकानात मिळणारे क्लोरीन मारायचे थेंब घाला. ग्रामपंचायतीनं विहिरीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची जंतुनाशक पावडर टाकली असेल तर विहिरीच्या पाण्यालाही तोच नियम. पावसाच्या तोंडावर ही पावडर हमखास पडते. वास घेऊन बघा, शंका आली तर थेंब घाला.

वीज गेली तर?

जाणारच, असं धरून तयारी करा. मे अखेरीच्या वळवाच्या सरींत फांदी पडली की वाडी रात्रभर अंधारात. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं, तेव्हा श्रीवर्धन, दापोली, मंडणगड भागातल्या कितीतरी गावांत पुढचे अनेक दिवस दिवे लागले नाहीत.

लहान एअर पंपाला तीन ते पाच वॅट लागतात. घरात इन्व्हर्टर असेल तर टीव्हीआधी हा पंप त्यावर जोडा. नसेल तर यूएसबीवर चालणारा पंप घ्या, मोबाइलच्या पॉवर बँकेवर तो पूर्ण रात्र चालतो. सेलवर चालणारे पंपही मिळतात, मासे गळाला लावायला जाणारे लोक जिवंत आमिषासाठी वापरतात तेच.

एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. डबा बंद प्रकारचा फिल्टर उष्ण हवेत काही तास बंद पडला की आतल्या उपयोगी जिवाणूंना ऑक्सिजन मिळत नाही, ते मरतात आणि आतली घाण कुजते. वीज आल्यावर तो तसाच सुरू केला तर ते सगळं टाकीत येतं. आधी उघडा, आतला स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळून घ्या, मग लावा. हवेवर चालणारा साधा स्पंज फिल्टर असेल तर ही कटकट नाही. कोकणासाठी मी तोच सुचवीन.

उन्हाळ्यात खायला किती द्यावं?

निम्मं. गोल्डफिशला खरं जठर नसतं, खाल्लेलं भराभर पुढे सरकतं आणि पाणी घाण करतं. सकाळी गार वेळी चिमूटभर, दोन मिनिटांत संपेल इतकंच. पाणी ३१ च्या वर असेल त्या दिवशी उपास. धडधाकट मोठा मासा आठवडाभर न खाता राहतो. काचेपाशी येऊन तो कितीही मागू दे, मुलांना हे समजावून सांगा. घरोघरी मासा उपाशी राहण्यापेक्षा जास्त खाऊन मरतो.

टाकीत हीटर आहे, दिवा आहे. काढू का?

हीटर तर काढाच. गोल्डफिशच्या टाकीत आपल्याकडे त्याचं काहीच काम नाही, तरी दुकानदार संच म्हणून देतो. त्यातला थर्मोस्टॅट चिकटला तर हीटर बंदच होत नाही आणि एका रात्रीत टाकी तापते. आधी प्लग काढा, पंधरा मिनिटं थांबा, मगच पाण्याबाहेर घ्या, नाहीतर काच तडकते.

दिवा जुन्या ट्यूबचा असेल तर एलईडी घ्या आणि संध्याकाळी दोन-तीन तासांपुरता लावा. पाण्यात बुडणारा मोठा पॉवर फिल्टर सतत उष्णता सोडत असतो, लहान टाकीत ती जाणवते. गणपतीत टाकी आराशीत मांडायची हौस असेल तर फोकस तिच्यावर रोखू नका.

गोल बाउलमध्ये ठेवलेत. चालेल?

नाही. तीन-चार लिटर पाणी खोलीबरोबर तापतं आणि निवतं, वरचं तोंड अरुंद म्हणून हवा मिसळत नाही, विष्ठा दोन दिवसांत विषारी पातळी गाठते. दोन लहान गोल्डफिशना निदान दोन फूट लांबीची, शक्य तर त्याहून मोठी टाकी द्या. उंच टाकीपेक्षा पसरट बरी, कारण हवा वरच्या पृष्ठभागातून मिसळते. पाणी जास्त असलं की तापमान सावकाश बदलतं, इतर कुठल्याही यंत्रापेक्षा याचा उपयोग जास्त.

कुठल्या जाती जास्त नाजूक?

लांबट, साध्या शेपटीचे कॉमेट आणि शुबुनकिन काटक. गोलमटोल अंगाचे ओरांडा, रेड कॅप, रयुकिन आणि फुगीर डोळ्यांचा ब्लॅक मूर उष्णतेत लवकर खचतात. गरम पाण्यात मांस कुरतडणारे जिवाणू जोमानं वाढतात, पांढऱ्या ठिपक्यांचा रोगही भराभर पसरतो. ओरांडाच्या डोक्यावरच्या गोंड्याच्या घड्यांत संध्याकाळी टॉर्च मारून बघा. पांढुरका चिकट थर दिसला तर पाणी बदलायला उशीर झालाय.

टाकीत मीठ किंवा ‘समर टॉनिक’ घालू का?

मिठानं पाणी गार होत नाही आणि त्यात हवाही वाढत नाही. रोग ओळखून, मोजून वापरायचं ते औषध आहे. निळी-पिवळी टॉनिकं तर घालूच नका. उष्ण पाण्यात काही औषधांनी ऑक्सिजन आणखी घटतो. औषध द्यावंच लागलं तर हवा दुप्पट करा.

अंगणातल्या हौदात गोल्डफिश आहेत. त्यांचं काय?

खोल हौद टाकीपेक्षा कितीतरी बरा. अडीच-तीन फूट पाणी असेल तर तळ गार राहतो आणि मासा स्वतःच खाली जातो. फूटभर पाण्याच्या सिमेंटच्या टाक्या मात्र उन्हात तापतात. वर मांडव घाला. चार पोफळीचे खांब आणि माडाचे झाप, याहून चांगलं छप्पर नाही : ऊन अडतं, वारा जातो. हिरवी शेडनेट लावलीत तर पाण्यापासून चार-पाच फूट उंच ठेवा. जाळीमुळे खंड्याही दूर राहतो.

पाणी हिरवंगार झालं असेल तर पहाट जपा. ते हिरवं शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं, पण रात्रभर माशांबरोबर तेही श्वास घेतं, आणि सूर्योदयाच्या सुमाराला पाण्यातला ऑक्सिजन सगळ्यात खाली येतो. रात्री ठीक असलेले मासे सकाळी एकदम तीन-चार मेलेले सापडतात ते यामुळेच. अशा हौदात रात्रीचा कारंजा किंवा पंप दिवसाच्या पंपापेक्षा गरजेचा. जलपर्णीनं अर्ध्याहून जास्त पृष्ठभाग झाकू देऊ नका, आणि काढलेली जलपर्णी वहाळात फेकू नका, खतात कुजवा.

चिलर घ्यावा का?

महागाचे ओरांडा पाळत असाल, टाकी मोठी असेल आणि परवडत असेल तर चिलर, म्हणजे कॉम्प्रेसरवर चालणारं पाणी गार करायचं यंत्र, घ्या. तो टाकीची उष्णता काढून खोलीत सोडतो, म्हणून खोली बंद नको. लहानशा विजेच्या चकतीवर चालणारे स्वस्त कूलर मोठ्या टाकीला पुरत नाहीत. एसीच्या खोलीत टाकी ठेवणार असाल तर एसी रोज ठरावीक वेळी चालवा. एक दिवस २४ आणि दुसऱ्या दिवशी ३१, असं नको.

उष्णतेची लाट आल्याचं आधी कळेल का?

भारतीय हवामान विभागाचा अंदाज बघत जा. किनारपट्टीसाठी कमाल तापमान निदान ३७ अंश आणि सरासरीहून साडेचार अंश जास्त असेल तर उष्णतेची लाट धरतात. आपल्याकडे असे दिवस बहुधा मार्च-एप्रिलमध्ये येतात, मे मध्ये नव्हे. जमिनीवरून पूर्वेचे वारे जोरात आले की खारे वारे अडतात, आणि एरवी अकरा-बाराला येणारी समुद्राची झुळूक दुपार उलटली तरी येत नाही. दुपारी बाराला माडाच्या झावळ्या पश्चिमेकडे ओढल्या जाताना दिसल्या तर पाणी भरून ठेवा, बाटल्या गोठवा. एक चांगलं असतं, त्या दिवशी हवा कोरडी असते आणि पंखा नेहमीपेक्षा जास्त काम करतो.

मुंबईहून नवे मासे आणायचेत.

मार्च ते मे नको. आणायचेच असतील तर ऑक्सिजन भरलेली पिशवी थर्माकोलच्या खोक्यात ठेवून रात्रीच्या गाडीनं आणा. मासळीचे खोके गावात मिळतात, पण वास जाईपर्यंत धुऊन, वाळवून घ्या. घरी आल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, मग टाकीचं पाणी थोडं थोडं पिशवीत घाला. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका.

आठवडाभर घर बंद राहणार आहे.

बंद घर आतून तापतं. उंचावरची एक जाळीची खिडकी उघडी ठेवा. जाण्याच्या दोन दिवस आधी पाचवा हिस्सा पाणी बदला, फिल्टर पिळून घ्या, पंप चालू असू द्या. खाणं कुणाला द्यायला सांगू नका, शेजारी प्रेमानं मूठभर टाकतात. त्यांना फक्त पातळी बघायला आणि पंप चालू आहे ना हे पाहायला सांगा. आठवडाभर हळूहळू विरघळणाऱ्या खाण्याच्या वड्या उन्हाळ्यात अजिबात नकोत.

पाऊस लागला की चिंता मिटली?

बरीचशी. पहिल्या मोठ्या पावसात उघड्या हौदाचं पाणी एकदम चार-पाच अंश उतरतं आणि छपरावरची सगळी धूळ त्यात येते. तेव्हा पागोळ्या हौदात पडू देऊ नका. आणि ऑक्टोबर विसरू नका. पाऊस गेल्यावर ऊन परत तळपतं, हवा दमट असते, आणि तोवर पंखा माळ्यावर गेलेला असतो. तो दिवाळीनंतरच काढून ठेवा.

जमत नाही. मासे नदीत किंवा विहिरीत सोडले तर?

कृपा करून नको. गोल्डफिश परका मासा आहे. तो तळ उकरतो, पाणी गढूळ करतो, आपल्या वहाळातल्या माशांची अंडी खातो, सोबत रोगही नेतो. ज्यांच्याकडे सावलीतला खोल हौद आहे अशा कुणाला द्या, किंवा जिथून घेतले त्या दुकानदाराला परत घ्यायला सांगा, बहुतेक जण घेतात. माशांच्या आजाराबद्दल जाणकाराचा सल्ला हवा असेल तर रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, तिथे चौकशी करा. जाताना टाकीचं पाणी स्वच्छ बाटलीत आणि तापमानाची वही सोबत न्या.